चेबोल घराण्याची वंशावळ काढायची कशी, पेज चालवणाऱ्या पोरींसाठी

आमच्या गावात कॉलेजातल्या अर्ध्या पोरी रात्री लाईन आली की कोरियन ड्रामे पाहून राहिल्या, अन् मग इन्स्टावर तेच, चेबोलचा (म्हणजे कोरियातल्या बड्या उद्योगपती घराण्याचा) पोरगा, चेबोलची सून, ओल्ड मनी म्हणजे पिढीजात श्रीमंतांचा लूक. माझंही असंच एक पेज आहे. मागच्या वर्षी मी एका हिरोला ठासून "खरा चेबोल वारस" म्हणून टाकलं अन् कमेंटमध्ये अशी धुलाई झाली का बाप्पा, दोन दिवस नोटिफिकेशन बंद ठेवलं. पुरावा काय तर हिरोचं अन् कंपनीवाल्याचं आडनाव सारखं. किम, ली, पार्क या तीन आडनावांतच कोरियातली 40 टक्क्यांहून जास्त माणसं बसतात, हे मले मागून समजलं.

तेव्हापासून आधी वंशावळ, मग पोस्ट. कागद कोणताही चालते, माझी पहिली जिनिंगच्या पावतीमागं आहे.

चेबोल म्हणजे नुसता पैसेवाला नाही. शब्दातच पैसा अन् घराणं दोन्ही आहे, एकाच घराच्या हातात ढीगभर कंपन्या अन् त्या बापाकडून पोराकडे. तिथलं फेअर ट्रेड कमिशन, म्हणजे कंपन्यांवर नजर ठेवणारं सरकारी खातं, दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास 5 लाख कोटी वॉन (तिथलं चलन) किंवा जास्त मालमत्ता असलेल्या ग्रुपची लिस्ट काढते, तिथं नाव नसलं तर मोठा चेबोल म्हणून ठोकू नको. अन् इंग्रजी बातमीतला एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी, इथं लय जणी घसरतात.

आता नावं. दहावीच्या मार्कशीटसारखं आडनाव आधी येते. मग उरलेल्या नावातला सारखा तुकडा शोध, खरी किल्ली तीच. ह्युंदाईचं घर घे: मूळ पुरुष चुंग जू-युंग, भाऊ इन-युंग, से-युंग. पोरं मोंग-कू, मोंग-हुन, मोंग-जून. नातू यूई-सुन, की-सुन. युंग, मोंग, सुन, झाल्या तीन पिढ्या, कोण काका अन् कोण पुतण्या ते न विचारता समजते. सगळ्याच घरी हे चालत नाही अन् पोरींच्या नावात बरेचदा तो तुकडा नसतेच, तिथं बातमी वाचावीच लागते, योनहाप किंवा कोरिया हेराल्ड इंग्रजीत फुकट वाचता येते. अन् लग्न झाल्यावर तिथल्या बायका आडनाव बदलत नाहीत, म्हणून काकू-वहिनी आडनावावरून शोधशील तर सापडायच्या नाहीत.

झाड झालं की त्यावर वाटणी लिही, आपल्या शब्दात. मी एलजीचं केलं होतं. त्या घरी कारभार थोरल्या पोराकडेच जायचा रिवाज. तिथला जुना चेअरमन कू बॉन-मू, त्याचा एकुलता एक पोरगा 1994 मध्ये वारला, मग बॉन-मूनं 2004 मध्ये भावाचा पोरगा क्वांग-मो दत्तक घेतला, 2018 मध्ये बॉन-मू वारला अन् चेअरमन झाला तो दत्तक पुतण्या. 2023 च्या फेब्रुवारीत बॉन-मूची बायको अन् दोन पोरी वाटणी नव्यानं करा म्हणून कोर्टात गेल्या. आजी तुरीच्या शेंगा सोलता सोलता ऐकून राहिली होती, एकदम म्हणे, "पोरीयनं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या काय?" म्हटलं आजी, वारसांत करार झाला होता अन् भांडण त्याचंच आहे. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या अन् पूर्ण झाड दाखव म्हणे. ती पोस्ट माझी सगळ्यात जास्त शेअर झाली, कारण वावराची वाटणी सगळ्यांनी पाहिलेली आहे, सोलच्या गंगनम या श्रीमंत भागातलं पेंटहाऊस कोणीच नाही.

आकडा टाकायचाच तर एकच टाक. सॅमसंगचा चेअरमन ली कुन-ही वारल्यावर घरच्यांवर 12 लाख कोटी वॉनच्या वर वारसा कर बसला, तो पाच वर्षांत हप्त्यानं भरायचा होता. रुपयात करताना त्या दिवसाचा दर बघ. शाळकरी नातवंडांचे फोटो मी टाकत नाही, कितीही व्ह्यूज येवोत.

रील चाळीस सेकंदाच्या आत, आवाज स्वतःचा, पहिल्या वाक्यात नातं पाहिजे: "मोठ्या काकाला काहीच नाही अन् धाकट्याला सगळं, कसं काय?" पोस्ट करायच्या आधी घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला ऐकव. त्यांना समजलं तर जमलं.

मी चुंग जू-युंगचं आबाजीला ऐकवलं. कास्तकाराचा पोरगा, बापानं गाय विकून ठेवलेले पैसे घेऊन घरून पळाला, पुढं ह्युंदाई उभी केली, अन् 1998 मध्ये म्हातारपणी ट्रकात भरून दोन खेपांत 1001 गुरं उत्तर कोरियात घेऊन गेला, कारण त्याचं गाव आता तिकडं आहे. मी विचारलं, आबाजी, वरची एक काहून असंन? बिडी विझवत म्हणे, "हजार व्याजाच्या. एक मुद्दल."