स्वित्झर्लंडच्या छोट्या गावाचा भूगोल आणि लोकसंख्या: प्रोजेक्टसाठी आकडे कसे वाचायचे

माझी भाची इथेच नागपुरात बीए करून राहिली, भूगोल घेऊन. कॉलेजात प्रोजेक्ट मिळालं की परदेशातलं एक खेडं निवडा आणि त्याचा भूगोल, लोकसंख्या लिहा. तिनं स्वित्झर्लंडमधलं आव्हेर्स घेतलं, नेटवरचे आकडे उतरवले, सात पानं भरली, आणि वायव्हात मॅडमनी एकच विचारलं, "शेतीखाली एवढी जमीन म्हणतेस, मग पिकतं काय गं तिथे?" ती म्हणाली, गहू. दोन हजार मीटरवर गहू! पण पोरीची तरी काय चूक, आकडे कुठून येतात, कसे मोजतात हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग आम्ही मामा-भाची दोन रविवार टेबलावर नकाशे पसरून बसलो आणि सगळं परत लिहिलं. तेच इथे सांगतो, म्हणजे बाकीच्या पोरांचे दोन रविवार वाचतील.

सुरुवात गावाच्या नावापासून करा. आपल्याकडे ग्रामपंचायत तसं तिकडे गेमाइंडे, फ्रेंच भागात कोम्यून, इटालियन भागात कोमूने. अशा सगळ्या देशात एकवीसशेच्या वर आहेत आणि त्यांच्यावर २६ कँटन. कँटनला जिल्हा समजू नका, तो आपल्या राज्यासारखा असतो, त्याची स्वतःची राज्यघटना असते. गेमाइंडे पण नुसती नावाची नाही, ती स्वतःच्या कराचा दर ठरवते आणि छोट्या गावात तर सगळे मतदार एकत्र बसून बजेट पास करतात, आपल्या ग्रामसभेसारखं. एकाच नावाची गावं पण बरीच असतात, रूटी म्हणाल तर दोन-तीन निघतील, म्हणून कँटनचं नाव सोबत लिहाच. शक्यतो सरकारी सांख्यिकी खात्याचा गेमाइंडे नंबर पण घ्या, तो प्रत्येकाचा वेगळा असतो. पिनकोडवर जाऊ नका, तिकडचा चार आकडी पिनकोड पोस्टाच्या सोयीचा आहे, गावाची हद्द त्याच्याशी जुळेलच असं नाही.

गेमाइंडे म्हणजे एकच गाव हे पण डोक्यातून काढा. आव्हेर्स ही एक गेमाइंडे, ग्राउब्युंडेन कँटनमध्ये, पण तिच्यात क्रेस्टा, क्रोट, काम्पसुट, युफ अशा वाड्या आहेत, एकाच लांब खोऱ्यात रस्त्याच्या कडेकडेनं पसरलेल्या. म्हणून उंचीचे आकडे वेगवेगळे दिसले तर गोंधळू नका, क्रेस्टा साधारण १,९६० मीटरवर आहे आणि खोऱ्याच्या टोकाचं युफ २,१२६ मीटरवर, युरोपात बारा महिने लोक राहतात असं सगळ्यात उंच गाव म्हणून ते ओळखलं जातं. उंची लिहिताना कुठल्या वाडीची ते लिहा. आणि ही उंची मोजतात कुठून, तर जिनिव्हाच्या तळ्यात एक खडक आहे, पिएर द्यु नितों, त्याची उंची ३७३.६ मीटर धरलीय आणि सगळ्या देशाची मापं तिथून. आपल्या नागपुरातल्या झिरो माइलजवळ तो बेंचमार्कचा दगड आहे ना, समुद्रसपाटीपासून हजार वीस फूट लिहिलेला, काम तेच. भाचीला मी तिथे घेऊन गेलो, दगडावरचे आकडे बोटानं वाचायला लावले, तेव्हा तिला कळलं की उंची म्हणजे कुठल्यातरी ठरवलेल्या ठिकाणापासून मोजलेलं अंतर असतं. नागपूरवाल्या पोरांना एवढी चांगली गोष्ट बर्डीजवळच बघायला मिळते, बघून घ्या.

आता जमिनीचा वापर, जिथे भाची अडकली. स्विस सरकार जमिनीचे चार भाग पाडतं, वस्ती आणि रस्ते, शेती, जंगल, आणि चौथा अनुत्पादक. मोजणी अशी करतात की विमानातून काढलेल्या फोटोवर दर १०० मीटरवर एक बिंदू, म्हणजे एका हेक्टरला एक, आणि तो बिंदू कशावर पडला ते बघून नोंद करायची, गवत, झाड, छप्पर, खडक. आव्हेर्सचं क्षेत्रफळ सुमारे ९३ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ९,३०० बिंदू झाले, टक्के चांगले निघतात. पण सोलोथुर्न कँटनमधलं काम्मर्सरोर एक चौरस किलोमीटर पण भरत नाही, तिथे शंभराच्या आतच बिंदू, एक बिंदू इकडचा तिकडे झाला की एक टक्का हलला. अशा गावाचे दशांश चिन्हानंतरचे आकडे लिहून काही फायदा नाही.

आणि शेतीखालची जमीन या शब्दात उंचावरची कुरणं पण धरतात. आव्हेर्सला शेती म्हणजे बहुतेक तेच, उन्हाळ्यात गुरं वर न्यायची, थंडीच्या आधी खाली आणायची, आणि खालच्या उतारावरचं गवत कापून, वाळवून गोठ्यासाठी साठवायचं. पीक काय तर गवत. भाचीनं दुसऱ्या वेळी सरळ तसंच लिहिलं. अनुत्पादक म्हणजे पण पडीक असं लिहू नका, त्यात खडक, बर्फ, तळी, नद्या सगळं येतं, त्याच बर्फाच्या पाण्यावर तिकडची धरणं भरतात. शेजारच्या लेई खोऱ्यातलं धरण तर मजेशीर आहे, तलाव इटलीत आणि भिंत स्वित्झर्लंडमध्ये, त्यासाठी दोन देशांनी जमिनीची अदलाबदल केली. तिथलं पाणी आव्हेर्स ऱ्हाईन नदीत येतं, ती पुढे हिंटर ऱ्हाईनला मिळते आणि शेवट थेट उत्तर समुद्रात. नदी लिहायची तर ती कुठल्या समुद्राला जाते तिथपर्यंत लिहा, नुसतं "गावातून नदी वाहते" एवढ्यानं भूगोल होत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट युफची. तिथे झाडंच नाहीत, झाडं वाढायची उंची खालीच संपते, मग जाळायला काय? तर पूर्वी लोक मेंढ्यांच्या लेंड्यांचा गोठ्यात तुडवला गेलेला थर कापून त्याच्या विटा वाळवायचे, भिंतीला रचून ठेवायचे आणि थंडीत चुलीत घालायचे. फोटो बघून माझी आई म्हणाली, अरे ह्या तर आपल्या गोवऱ्या! उंची, झाडं, जनावरं आणि माणसाची चूल एका धाग्यात कशी येतात ते या एका फोटोत दिसतं, प्रोजेक्टमध्ये असा एक फोटो असूच द्या.

आता लोकसंख्या. आव्हेर्सला दीडशे ते पावणेदोनशेच्या मधे लोक राहतात. घनता काढली तर चौरस किलोमीटरला दोन माणसं पण नाहीत, आणि आपल्या नागपूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ४७० होती. पण नुसती अशी तुलना लिहून सोडू नका, कारण ९३ चौरस किलोमीटरपैकी माणूस राहतो तो रस्त्याच्या पट्टीत, बाकी सगळा डोंगर. वस्तीखालची जमीन वेगळी घेऊन परत भागून बघा, चित्र बदलतं. आणि जिथे गावच शंभर-दोनशेचं तिथे टक्क्यांच्या शेजारी माणसं मोजून लिहा. काम्मर्सरोरला जेमतेम तीस लोक, तिथे एक पोरगी शिकायला शहरात गेली की लोकसंख्या तीन टक्क्यांनी घटली. हे घटणं आणि नागपूरचं तीन टक्क्यांनी घटणं एक आहे का? एका वर्षाचा जन्मदर तर अशा गावाचा लिहूच नका, दहा वर्षांची सरासरी घ्या.

जुने आकडे चांगले मिळतात. पहिली देशभरची जनगणना १८५० ची, मग दर दहा वर्षांनी, पण १८९० ऐवजी १८८८ ला झाली आणि १९४० ऐवजी १९४१ ला, त्यामुळे आलेख काढताना सगळी अंतरं सारखी ठेवली तर रेषा चुकते, आमची चुकली होती. २००० ला शेवटची घरोघरची मोजणी, २०१० पासून रहिवासी नोंदणीच्या रजिस्टरवरून दरवर्षी आकडा काढतात. पण भाषा आणि धर्म आता नमुना पाहणीतून येतात, सगळ्यांना विचारत नाहीत, म्हणून छोट्या गावाची भाषेची टक्केवारी बहुतेक ठिकाणी अजून २००० चीच छापलेली दिसते. वर्ष बघूनच घ्या, २००० ची भाषा आणि आजची लोकसंख्या एका तक्त्यात मिसळू नका. आव्हेर्सला जर्मन बोलतात, आजूबाजूला मात्र रोमान्श आणि इटालियन, कारण मध्ययुगात वाल्सर नावाचे लोक वालेस भागातून डोंगर ओलांडून इथे येऊन वसले. भाषेचा आकडा दिसला की त्याच्यामागं कोण कुठून आलं ते शोधाच.

एक अजून, ज्यात खूप जण फसतात. गाव विलीन झालंय का ते आधी तपासा. तिचिनो कँटनमधलं कोरिप्पो, १८५० च्या सुमारास तीनशेच्या आसपास लोक, शेवटी दहा-बाराच उरले, आणि १८ ऑक्टोबर २०२० ला ते व्हेर्झास्का या नव्या गेमाइंडेत गेलं. ग्लारुस कँटनमध्ये तर २०११ ला २५ गेमाइंडेंच्या तीनच केल्या. जुन्या पुस्तकात अशी गावं वेगळी दिसतात, नव्या तक्त्यात सापडत नाहीत, आणि पोरांना वाटतं गावच उठलं. घरं तिथेच आहेत, हद्द फक्त बदलली. उलट नव्या गेमाइंडेचा आकडा एकदम वाढलेला दिसतो तेव्हा तिथे लोक राहायला आले असं लिहू नका.

फाइल करताना सरकारी नकाशा स्विसटोपोच्या, म्हणजे तिकडच्या नकाशा खात्याच्या साइटवरून फुकट मिळतो, त्यावर जुने नकाशे पण एकावर एक ठेवून बघता येतात, गावाचा रस्ता कधी आला, जंगल किती पसरलं ते दिसतं. हद्द स्वतः पेन्सिलनं ट्रेस करा, प्रिंट चिकटवू नका, ट्रेस करताना हात कुठल्या धारेवरून कुठल्या नाल्यात उतरतो ते लक्षात राहतं. आणि प्रत्येक आकड्याखाली तारीख टाका, त्यांची वर्षाअखेरची लोकसंख्या ३१ डिसेंबरची असते, आपली २०११ ची १ मार्चची.