वय झालेल्या घोड्याचा मृत्यू-दावा: किंमत कशी ठरते आणि पुरावा कसा जमवावा

घोड्याच्या पॉलिसीवर छापलेली विमा रक्कम ही मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा असते. तेवढे पैसे मिळतीलच असे त्यातून ठरत नाही. जनावरांच्या बहुतेक पॉलिसींत विमा रक्कम किंवा आजार अथवा अपघात होण्याच्या लगेच आधीचा बाजारभाव, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देण्याची अट असते, आणि वय झालेल्या घोड्याच्या मालकाला सर्वांत मोठा फटका याच अटीने बसतो.

आमच्या इंदूरच्या पागेतील एका करड्या घोडीचा विमा ती ९ वर्षांची असताना २,००,००० रुपयांचा उतरवला होता, आणि पुढची सात वर्षे आम्ही काहीही न तपासता त्याच रकमेवर नूतनीकरण करत राहिलो. ती पोटशुळाने गेली तेव्हा सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेल्या माणसाने, तिची किंमत ८०,००० धरली. ती शेवटच्या लग्नसराईपर्यंत वरातीला जात होती, पण त्याचा एकही कागद आमच्याजवळ नव्हता. म्हणून पहिली सूचना हीच, की घोडा १० वर्षांचा झाला की प्रत्येक नूतनीकरणाच्या आधी पशुवैद्याकडून तपासणी करून लेखी मूल्यांकन घ्यावे आणि विमा रक्कम त्यानुसार बदलून घ्यावी; वाढीव रकमेवर हप्ता भरत राहिल्याने भरपाई वाढत नाही. कंपनी ठरीव मूल्याची पॉलिसी देत असेल, म्हणजे दोघांनी आधी मान्य केलेली रक्कमच मृत्यूनंतर द्यायची असेल, तर ते शब्द पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले आहेत ना, हे वाचून पाहावे. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

किंमत ठरवताना सर्व्हेअर वय, जात, रंग, शिक्षण, प्रत्यक्ष काम, आजारपणाचा इतिहास आणि तशाच घोड्यांचे अलीकडचे व्यवहार पाहतो. जन्माचा दाखला नसेल तर वय दातांवरून धरले जाते. वरच्या जबड्यातील पटाशीच्या दातांपैकी अगदी कडेच्या दातावर साधारण १० व्या वर्षी हिरडीजवळ एक तपकिरी उभी खाच दिसू लागते. १५ च्या सुमारास ती दाताच्या मध्यापर्यंत येते आणि २० च्या सुमारास पूर्ण दातभर उतरते. हा अंदाज दोन-तीन वर्षांनी सहज चुकतो, आणि १४ ऐवजी १७ लिहिले गेले की किंमत लगेच घसरते. त्यासाठी दरवर्षी त्या दाताचा जवळून फोटो काढून त्यावर तारीख घालून ठेवावी. सोबत मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपचा) १५ अंकी क्रमांक, अंगावरील भोवरे व पांढऱ्या खुणा यांची नोंदही ठेवावी, कारण ओळख पटली नाही तर किमतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

वयामुळे प्रत्येक घोड्याची किंमत सारखीच उतरते असे मात्र नाही. करडा घोडा वयाबरोबर पांढरा होत जातो आणि वरातीच्या बाजारात पांढऱ्या रंगाला मागणी असते. शांत, वाजंत्री व फटाक्यांना सरावलेली १५ वर्षांची घोडी नवख्या पाच वर्षांच्या घोडीपेक्षा अधिक कामाची ठरू शकते. हे सर्व्हेअरला पटवायचे तर वरातीच्या पावत्या, शिंगरांच्या नोंदी, नालबंदाची व दवाखान्याची बिले हवीत. याच करड्या घोड्यांना उतारवयात शेपटीखाली काळ्या गाठी होण्याची प्रवृत्ती असते. त्या दिसल्यास प्रस्ताव किंवा नूतनीकरणाच्या अर्जात लिहाव्यात, कारण लपवलेला आजार पुढे संपूर्ण दावा नाकारण्याचे कारण होऊ शकतो.

घोडा गंभीर आजारी पडताच कंपनीला लेखी कळवावे. असाध्य वेदनेमुळे त्याला दयामरण द्यावे लागत असेल तर पशुवैद्याचे प्रमाणपत्र आणि शक्य तितक्या लवकर कंपनीची लेखी संमती घ्यावी. मृत्यूनंतर सर्व्हेअर येईपर्यंत, किंवा त्याने लेखी परवानगी देईपर्यंत, शव पुरू नये. शवविच्छेदनाच्या वेळी चिप स्कॅन करून तिचा क्रमांक अहवालात लिहून घ्यावा. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरपासून जवळ असल्याने तेथे आधीच चौकशी करून ठेवणे सोयीचे पडते.

कमी रक्कम देऊ केली गेल्यास ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या पावतीवर घाईने सही करू नये. सर्व्हे अहवालाची प्रत मागावी, कोणत्या व्यवहारांशी तुलना केली ते विचारावे आणि आपले मूल्यांकन जोडून कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. एक महिन्यात उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तर न पटल्यास मध्य प्रदेशातील वैयक्तिक विमाधारकाला भोपाळच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत ती दाखल करावी लागते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो, आणि त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे.