फोटोतली ही बाई कोण? नाव हरवलेल्या पणजीचा माग असा काढा

ट्रंकेच्या तळाशी नऊवारीतल्या बाईचा फोटो सापडतो. मागे नाव नाही, आणि घरातला प्रत्येक जण वेगळंच नाव सांगतो. अशा वेळी जनगणनेचा नाद सोडा. आपल्याकडे १८७२ पासून शिरगणती झाली खरी, पण घरोघरी भरलेले तक्ते आपल्याला पाहायला मिळत नाहीत; १९४८ च्या कायद्याने ते गोपनीयच आहेत. बाहेर येतात ते आकडे.

१. आधी श्राद्धाची तिथी विचारा

पिंडदानात वडील-आजोबा-पणजोबांसोबत आई-आजी-पणजीचीही नावं घेतात. ती घरातल्या थोरल्यांना किंवा उपाध्यायांना विचारा. (हे नाव सासरचं असतं. माहेरी ती दुसरीच कुणी होती.) पितृपक्षात तिचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असे का, हेही विचारा. होत असेल, तर ती नवऱ्याआधी गेली. पुढे कुठलं दप्तर उघडायचं, ते यावरून ठरतं.

२. नवऱ्यामागे राहिली असेल तर फेरफार

मूळ गावच्या जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. नवरा वारल्यावरच्या वारसनोंदीत ‘सीताबाई कोम विठ्ठल’ अशी नावं भेटतात. कोम म्हणजे बायको, बिन म्हणजे मुलगा. मुलं लहान असतील, तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ दिसेल, म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) मुलांची पालनकर्ती. स्कॅन झालेले फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर शोधा. नसतील तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज द्या. शहरातला वाडा असेल, तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक बघा.

३. आधी गेली असेल तर कोतवाल बुक

म्हणजे गावाची जन्म-मृत्यू नोंदवही, गाव नमुना १४. जन्माच्या नोंदीत बहुतेकदा बापाचंच नाव आणि ‘मुलगी’ एवढंच. मृत्यूच्या रकान्यात मात्र बाईचं नाव मिळू शकतं. जुनी पानं मोडीत असतात. पुण्यात सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात. पण एका पानासाठी मोडी शिकण्यापेक्षा वाचणारा गाठावा, हे माझं मत. तारीख शकात असेल, तर ७८ मिळवा. पौष ते फाल्गुन असेल, तर बहुतेक वेळा ७९.

पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात सगळेच आधी धावतात. घराण्याला इनाम किंवा वतन नसेल, तर तिथे फेरी फुकट जायचीच शक्यता जास्त.

४. मग लेकींची घरं

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतल्या कित्येक घरांचे कागद वाहून गेले. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लेकींकडे मात्र माहेरची पत्रं, लग्नपत्रिका, त्याच फोटोची दुसरी प्रत टिकलेली असते. वंशावळीत पुरुषांच्याच रेघा असतात, म्हणून या घरांकडे कुणी फिरकत नाही. तुम्ही जा.

दोन वेगळ्या कागदांवर नाव जुळलं, की फोटोमागे लिहा. पेन्सिलीने, शाई पुढे उमटते.