जुनी गाडी तेल फेकतेय? इंजिन खोलायच्या आधी ब्रीदर पाईप बघा

मागच्या मे महिन्यात अमळनेरहून मामांचा फोन आला, "गाडी तेल खाई ऱ्हायनी रे भाऊ, इंजिन गयं वाटस." 2004 ची छोटी पेट्रोल गाडी, इंजिन वरून तेलाने माखलेलं, फाटकावर उभी केली की आत तेलाचा वास, आणि एका गॅरेजवाल्याने सरळ रिंग-पिस्टन सांगून टाकलेलं. मी जाऊन बोनेट उघडलं तर टॅपेट कव्हरवरून (इंजिनचं वरचं झाकण) एअर फिल्टरकडे जाणारा रबरी ब्रीदर पाईप खालच्या अंगाने बोटभर चिरलेला, वरून एकदम चांगला दिसत होता म्हणून कोणी हातच लावला नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे जुन्या गाड्या भरपूर आणि त्यात भुसावळ-जळगावचा उन्हाळा, 45 च्या वर पारा जातो, बोनेटखाली तर विचारूच नका, त्या उष्णतेत आणि तेलाच्या वाफेत रबर पंधरा-वीस वर्षं टिकलं हेच खूप.

आधी हा पाईप करतो काय ते समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा गॅस त्यांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तेलाच्या भागात, उतरतोच, मेकॅनिक लोक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो गॅस बाहेर काढला नाही तर आत प्रेशर वाढतं आणि तेल जिथून वाट मिळेल तिथून, म्हणजे ऑइल सील, टॅपेट पॅकिंग, डिपस्टिकच्या नळीतून बाहेर येतं. म्हणून तो गॅस परत इंजिनलाच जाळायला देतात. पेट्रोल गाडीत साधारण दोन पाईप असतात, एक टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरच्या बाजूला आणि दुसरा पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (हा गॅस एकाच दिशेने सोडणारी झडप) इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिन जिथून हवा ओढतं त्या नळ्यांना. हा फरक लक्षात ठेवा, कारण दोघांची लक्षणं वेगळी.

मॅनिफोल्डकडचा फुटला तर इंजिन तिथून फुकटची हवा ओढतं, मग सुईसुई असा आवाज येतो, आयडलिंग वरखाली होतं, गाडी मिसिंग मारते, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली) गाडी असेल तर चेक इंजिनचा लाईटही लागू शकतो. फिल्टरकडचा फुटला तर चालवताना फारसं काही जाणवत नाही, फक्त वास आणि तेलाची वाफ, पण त्या भेगेतून धूळ सरळ इंजिनच्या तेलात जाते. आपल्याकडे कपाशीच्या शेतातून, गावच्या कच्च्या रस्त्याने गाडी फिरते, तेव्हा हे "चालतंय ना" म्हणून सोडू नका, इंजिन खरोखर झिजवायचं काम हीच धूळ करते.

आता तपासणी. ती इंजिन बंद आणि गार असतानाच करायला घ्या. पाईप नुसता बघू नका, बोटं खालून फिरवा, वळणावर आणि क्लिपच्या अगदी शेजारी थोडा वाकवून बघा, भेग बहुतेक तिथेच असते आणि वाकवल्याशिवाय तोंड उघडत नाही. पाईप दाबून बघा, कडक होऊन करकर वाजत असेल तरी गेला आणि फुगून लिबलिबीत झाला असेल तरी गेला. धूळ आणि तेल मिळून काळा चिखल जिथे जमलाय तिथे आधी शोधा. गाडी धान्याच्या गोदामाजवळ उभी असते का तेही बघा, उंदीर आणि खारी हे पाईप कुरतडतात.

मग इंजिन चालू करून आवाज ऐका, अर्धा मीटर जुनी नळी एका टोकाने कानाला लावायची आणि दुसरं टोक पाईपवरून फिरवायचं, गळती असेल तिथे आवाज एकदम मोठा होतो. सदऱ्याची बाही आणि गमछा फॅन बेल्टपासून लांब ठेवा. काही जण पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारून बघतात, कृपा करून गरम इंजिनवर ते करू नका, आग लागते. मॅनिफोल्डकडच्या पाईपवर वायरिंग सांभाळून थोडं पाणी शिंपडलं तरी आयडलिंग क्षणभर बदलतं आणि जागा कळते.

तरी शंका राहिली तर सगळ्यात खात्रीची पद्धत पंक्चरवाल्याची. पाईप काढा, एक टोक बुच मारून बंद करा, दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हलकी हवा द्या आणि बादलीत बुडवून सगळीकडून वाकवा. बुडबुडे आले की विषय संपला. काढताना ओढाताण नको, जुन्या गाडीची प्लास्टिकची निपल पटकन तुटते आणि मग शंभर-दोनशेचं काम हजारात जातं, पाईप बदलायचाच असेल तर ब्लेडने लांबीत चिरून काढा.

पाईप चांगला निघाला तर पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. बऱ्याच गाड्यांत तो काढून हलवला की खुळखुळ वाजतो, वाजला नाही तर चिकटलाय. मामांच्या गाडीत हाच जाम होता, त्यामुळे सगळा गॅस फिल्टरकडच्या पाईपातून यायचा आणि भेगेतून तेल बाहेर फेकायचा.

आता खरंच रिंगा गेल्यात का हे ओळखायचं. पाईप आणि व्हॉल्व्ह ठीक करून गाडी गरम करा, आयडलिंगवर ऑइल कॅप जपून काढा, तेल उडतं, आणि कॅपच्या मोकळ्या भोकावर जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवा. चांगल्या पेट्रोल इंजिनमध्ये तो हलका आत ओढला जातो. भक भक करत उडत असेल, सायलेन्सरमधून निळा धूर असेल आणि तेलही कमी होत असेल तर मात्र कॉम्प्रेशन मोजून घ्या, तिथे पाईप बदलून काही होणार नाही. डिझेलला थोडा भकभकाट असतोच, त्यावरून घाबरू नका.

नवीन पाईप घेताना जुना तुकडा सोबत न्या, आतला व्यास तोच आणि तेल सहन करणारं रबरच पाहिजे. पाण्याचा पाईप किंवा सायकलची ट्यूब लावली तर तेलाने थोड्याच दिवसात फुगते, इन्सुलेशन टेप तर तेलावर चिकटतच नाही. वळणाचा पाईप असेल तर वळणाचाच घ्या, सरळ पाईप दुमडून बसवला की आत बंद होतो आणि प्रेशर आणखी वाढतं. पाईप काढून तोंड मोकळं सोडायचा सल्लाही ऐकू नका. एअर फिल्टर तेलाने भिजला असेल तर तोही बदला, मग इंजिन पुसून कोरडं करा आणि कन्नड घाटासारखा एखादा चढ मारून आल्यावर परत बोट फिरवून बघा, ओलं लागलं तर आता ते टॅपेट पॅकिंगचं.