संत्र्यांचा ढीग आणि दोन सेंटिमीटर: साध्या कॅमेऱ्याने त्रिमितीय फोटो

हिवाळ्यात नागपूरच्या घरात संत्री असतातच. त्यातली दहा-बारा टेबलावर रचा, एक सोलून पुढे ठेवा. त्रिमितीय फोटोचा पहिला धडा इथेच गिरवायचा. खास कॅमेरा लागत नाही. मोबाइल चालतो, कपाटात पडलेला जुना डिजिटल कॅमेराही चालतो.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचं जरा वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू खोली ताडतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरसे आणि हाताने काढलेली चित्रं वापरून हे दाखवलं, तेव्हा फोटोची कला जाहीरही झालेली नव्हती. आपण चित्रांऐवजी दोन फोटो काढायचे, आधी डावा, मग उजवा. हा क्रम कधीही बदलू नका. एक जोडी झाली की स्वतःच्या तळहाताचा एक फोटो काढा, म्हणजे घरी आल्यावर कुठली जोडी कुठे संपली ते कळतं.

आता कॅमेरा किती सरकवायचा? मी सुरुवातीला डोळ्यांच्या अंतराइतका, साडेसहा सेंटिमीटर सरकवला आणि संत्री बघताना डोळे दुखायला लागले. हिशेब असा: सगळ्यात जवळच्या वस्तूपर्यंतचं अंतर भागिले तीस. संत्रं ६० सेंटिमीटरवर असेल तर सरकवायचं फक्त २ सेंटिमीटर. टेबलावर शाळेची पट्टी ठेवा, कॅमेरा तिच्या कडेला टेकवा आणि दोन सेंटिमीटर उजवीकडे न्या. फक्त सरकवा. संत्रं मधोमध आणायला कॅमेरा वळवायचा मोह होतो. वळवलात तर दोन्ही फोटोंच्या कडा उलटसुलट तिरक्या होतात आणि जोडी जुळत नाही. दोन्ही फोटोंत झूम तोच ठेवा, फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, फ्लॅश बंद.

बाहेर पट्टीची गरज नाही. नागपुरातल्या झिरो माइल स्मारकाच्या घोड्यांच्या पुतळ्यांसमोर दोन-तीन मीटरवर उभे राहा, डाव्या पायावर भार देऊन एक फोटो, मग उजव्या पायावर भार देऊन दुसरा. शरीर आपोआप सहा-सात सेंटिमीटर सरकतं. मात्र मध्ये कठडा किंवा फांदी आली तर सगळ्यात जवळची वस्तू तीच, घोडे नव्हेत. हे हमखास विसरलं जातं. उलट, गच्चीवरून शहर टिपताना ६० मीटरच्या आत काहीच नसेल तर बिनधास्त दोन मीटर चालत जा. तेवढ्याने लांबच्या इमारतीही एकामागे एक सुट्या दिसतात.

एका कॅमेऱ्याची खरी अडचण हलत्या वस्तूंची. फुटाळा तलावाचं पाणी दोन फोटोंत सारखं नसतं, म्हणून त्रिमितीत ते नुसतं चमचमत राहतं. माणसं, गाड्या, वाऱ्यातली पानं यांचंही तेच. त्यासाठी एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर शेजारी-शेजारी बसवून दोन्ही बटणं एकदम दाबावी लागतात. तो पुढचा टप्पा, घाई नको.

जोडी जुळवायला ‘स्टिरिओफोटो मेकर’ हे विंडोजवरचं मोफत सॉफ्टवेअर आहे. हात थोडा वर-खाली झाला असेल तर ते आपोआप सरळ करून देतं. चष्म्याशिवाय बघायचं तर डावा फोटो उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवा, नाकासमोर बोट धरा आणि बोटाकडे बघत डोळे हलके तिरळे करा. मागे तीन फोटो दिसू लागतील. त्यातला मधला उठून येतो. पहिल्या दिवशी जमलं नाही तरी चालेल, डोकं दुखायला लागलं की थांबा.

दोन्ही फोटो लाल आणि निळसर रंगांत एकावर एक ठेवून लाल-निळसर चष्म्यातून बघणं जास्त सोपं, लाल काच डाव्या डोळ्यावर. पण आपली संत्री इथेच घात करतात. लाल काचेतून संत्रं लख्ख दिसतं, निळसर काचेतून काळपट. दोन्ही डोळ्यांचं जुळत नाही आणि ढीग लुकलुकतो. उपाय म्हणजे फोटो कृष्णधवल करणे. नागपूरकराला ते जरा जड जातं. रंग हवाच असेल तर डोळे तिरळे करण्याचा सराव वाढवा.