घरी शिकणाऱ्या मुलाशी गोष्टी आणि गप्पा: या चुका टाळा

लहान मुलाला घरीच शिकवणाऱ्या पालकांची एक तक्रार वारंवार कानावर येते: एरवी गोष्ट ऐकायला धावत येणारे मूल हल्ली पुस्तक उघडले की उठून जाते. अशा वेळी मुलाचे लक्ष लागत नाही असे आपण ठरवून टाकतो. प्रत्यक्षात गोष्ट सांगता सांगता आपण शिक्षक कधी झालो, हे आपल्याच ध्यानात आलेले नसते.

गोष्ट संपताच उलटतपासणी

माझ्या मते सर्वांत नुकसान करणारी चूक हीच. माकडे किती होती, ससा कुठे लपला, तात्पर्य काय, या प्रश्नांची उत्तरे आपल्याला आधीच ठाऊक असतात आणि ते मुलालाही कळते. माझी मुलगी पाच वर्षांची असताना पिल्लू हरवलेल्या चिमणीची गोष्ट सांगून मी तिला विचारले होते, "चिमणीचे काय चुकले?" ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी चपलेचा पट्टा लावता लावता ती मान वर न करताच म्हणाली, "आई, पिल्लू रात्री रडलं असेल का गं?" त्या एका प्रश्नातून आम्ही अंधाराबद्दल, भीतीबद्दल आणि ती कधी हरवली तर मी तिला कुठे कुठे शोधीन याबद्दल बराच वेळ बोललो. माझ्या प्रश्नाने यातले काहीही बाहेर आले नव्हते. तेव्हापासून गोष्ट संपल्यावर मी फार तर स्वतःला काय वाटले ते सांगते, "मला त्या कोल्ह्याचा फार राग आला," आणि थांबते.

थांबण्याची सवय नसणे

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांतील संवाद अभ्यासले, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे 1 सेकंदच थांबतात असे दिसले. तो अवधी 3 सेकंदांपर्यंत नेताच मुलांची उत्तरे लांबली आणि "माहीत नाही" म्हणणे कमी झाले. निरीक्षण वर्गातले असले, तरी घरातही आपण इतकीच घाई करतो. प्रश्न विचारून झाल्यावर मनात सावकाश पाच अंक मोजावेत. ती शांतता आपल्याला जड जाते, मुलाला नाही.

तीच गोष्ट पुन्हा सांगायला नकार

नवे काही शिकवायचे म्हणून पालक रोज नवे पुस्तक काढतात आणि मूल मात्र कालच्याच गोष्टीसाठी हटून बसते. मुलाचे ऐकावे. 2011मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, तीन वर्षांच्या ज्या मुलांनी त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या, त्यांना त्यांतले नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा अधिक चांगले आठवले. पुढे काय होणार याची खात्री असली, की मुलाचे लक्ष शब्दांकडे जायला मोकळे होते, हे त्याचे एक कारण असावे.

मध्येच टोकणे

मूल "मासा पळाली" म्हणाले, तर "पळाली नाही, पळाला म्हण" असे सांगून त्याची तार तोडू नये. "हो, मासा पळाला! मग कुठे गेला?" एवढे म्हटले की योग्य रूप कानावर पडते आणि गोष्टही पुढे सरकते.

काही नेहमीच्या अडचणी

मूल एका जागी बसत नसेल, तर हाताला मातीचा गोळा किंवा खडू द्यावा. हात गुंतलेले असताना कान उघडेच असतात. दिवसभर काय शिकलास या प्रश्नावर "काही नाही" हेच उत्तर मिळत असेल, तर समोरासमोर बसून विचारण्याऐवजी कपड्यांच्या घड्या घालताना किंवा चालताना गप्पा काढून पाहाव्यात. हाक मारल्यावर मूल वारंवार लक्ष देत नसेल किंवा वयाच्या मानाने फारच कमी बोलत असेल, तर शिकवण्याची पद्धत बदलत बसण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेऊन कानांची तपासणी करून घ्यावी.

मुलाला लिहायला शिकवण्याची घाई झालेल्या पालकांसाठी आणखी एक उपाय आहे: मुलाने रचलेली गोष्ट त्याच्या समोर बसून, त्याच्याच शब्दांत, आपण लिहून घ्यावी आणि लगेच बोट फिरवत वाचून दाखवावी. वाक्ये सुधारण्याचा मोह मात्र आवरावा, कारण आपण एक शब्द जरी बदलला तरी मूल तिथेच थांबवून म्हणते, "मी असं नव्हतं सांगितलं."