म्यूजेनच्या स्टेजला भोकं पडतायत? आधी शून्य नंबरचा रंग बघा

म्यूजेन म्हणजे स्वतःची पात्रं आणि स्टेज टाकून खेळायचं फायटिंग गेमचं इंजिन, आणि स्टेज म्हणजे लढाईमागचं चित्र. राजवाड्याचा फोटो कापून स्टेजवर लावला आणि खिडक्यांमधून आरपार आकाश दिसायला लागलं, किंवा उलट, वाड्याभोवती गुलाबी चौकोन तसाच उभा राहिला, तर इंजिनला शिव्या देऊ नका. इथे इंदूरात सध्या पोरं राजवाडा नाहीतर सराफा बाजार घेऊनच स्टेज बनवतायत आणि सगळ्यांचं गाडं इथेच अडतं.

२५६ रंगांच्या इमेजमध्ये प्रत्येक पिक्सेल म्हणजे ० ते २५५ मधला एक नंबर, बस. त्या नंबरला कुठला रंग ते पॅलेट, म्हणजे रंगांची यादी, ठरवतं, आणि म्यूजेन पारदर्शक करतं ते ० नंबरला, मग तिथे गुलाबी असो की काळा. तुम्ही बॅकग्राउंड झकास गुलाबी भरलात पण तो जाऊन बसला १८७ नंबरवर, तर तो दिसणारच ना! आणि ० वर बसला खिडकीतला काळोख, म्हणून वरच्या लाकडी मजल्यांच्या सगळ्या खिडक्या आरपार.

आता गिंप या फोटो एडिटरमध्ये काय करायचं ते बघा. इंडेक्स्ड, म्हणजे नंबरवाली २५६ रंगांची इमेज, करायच्या आधीच कडा साफ करायच्या, नंतर नाही. लेयर, ट्रान्सपरन्सी, थ्रेशोल्ड अल्फा असं जायचं, म्हणजे अर्धवट पारदर्शक पिक्सेल एकतर पूर्ण राहतात नाहीतर पूर्ण जातात, नाहीतर तेच पिक्सेल गुलाबीत मिसळून वाड्याच्या कळसाला जांभळट झालर लागते आणि मग ती झूम करून एकेक पिक्सेल पुसत बसा रात्रभर. मग खाली २५५, ०, २५५ (लाल, हिरवा, निळा) या गुलाबीचा लेयर टाका, फ्लॅटन करून सगळे लेयर एक करा, आणि इमेज, मोड, इंडेक्स्ड, २५६ रंग. डिदरिंग (ठिपके मिसळून रंग भासवणं) बंदच ठेवा भिया, चालू राहिलं तर रंगांच्या सीमेवर ठिपके उडतात.

मग कलर्स, मॅप, रीअरेंज कलरमॅप. गुलाबी चौकोन ओढून अगदी पहिल्या जागी आणा, चित्र दिसायला तसंच राहतं, फक्त नंबर बदलतात. सेव्ह पीसीएक्स नाहीतर इंडेक्स्ड पीएनजी. जेपीजी नाही म्हणजे नाही, त्यात गुलाबीच्या पन्नास छटा होतात आणि ० वर त्यातली एकच बसते. साइझ पण इंडेक्स्ड करायच्या आधीच करून घ्या.

काही जण पारदर्शकतेसाठी काळाच वापरतात, मला ते पटत नाही. चित्रातला शुद्ध काळा आणि बॅकग्राउंडचा काळा इंडेक्स्ड करताना एकच होऊन बसतो, वेगळे काढता येत नाहीत. वापरायचाच असेल तर चित्रातला काळा आधी ८, ८, ८ करा, डोळ्याला फरक कळत नाही.

फायटर फॅक्टरीत, म्हणजे म्यूजेनच्या फाइली बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकताना मागच्या स्प्राइटचं (आधी टाकलेल्या चित्राचं) पॅलेट शेअर करायचा ऑप्शन बंद ठेवा, आकाशाच्या पॅलेटवर वाडा गेला की दगड निळे पडतात. मग डेफ फाइलमध्ये (स्टेजच्या सेटिंगची टेक्स्ट फाइल) वाड्याच्या बीजी, म्हणजे बॅकग्राउंडच्या, ब्लॉकमध्ये मास्क = १ लिहा, ते नसलं तर ० नंबर पण रंगवला जातो आणि वरची सगळी मेहनत पाण्यात. सगळ्यात मागच्या आकाशाला मास्कची गरज नाही.

सराफ्यातल्या बल्बचा उजेड मात्र या पद्धतीने करूच नका. तो काळ्यावर काढा आणि ट्रान्स = ॲड द्या, म्हणजे त्याचा रंग मागच्या रंगात मिळवला जातो, काळ्यात मिळवायला काही नसतंच म्हणून तो आपोआप गायब होतो आणि उजेडाची कड पण मऊ राहते.

म्यूजेन १.१ वर असाल तर ३२ बिट पीएनजी अल्फासकट, म्हणजे स्वतःच्या पारदर्शकतेसकट, चालते, ही सगळी कटकटच नाही, पण १.० किंवा म्यूजेनच्या जुन्या विंडोज व्हर्जनवाल्यांना तो स्टेज चालणार नाही.

शेवटी डेफमध्ये बीजीडेफखाली डीबगबीजी = १ करून स्टेज चालवा, म्हणजे लेयर रंगवायच्या आधी मागची स्क्रीन गुलाबी होते. पात्राला अगदी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत चालवा, उड्या मारा, जिथे गुलाबी चमकलं तिथे भोक. सगळं बुजलं की परत ० करून मगच झिप करा.